एक बाजार मुक्यानं

मामाजी,

परवा तुमची तेरवी झाली. गाव जेवून गेलं, आणि जाताना जो तो तुमच्याबद्दल चांगलंच बोलून गेला. देवमाणूस होते, शांत होते, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. मी पंगतीत भाजी वाढता वाढता ऐकत होते आणि डोकं तापत होतं. शांत म्हणे. तुमच्याइतका हेकट माणूस मी सिहोऱ्यात काय, अख्ख्या तुमसर तालुक्यात पाहिला नाही, आणि हे त्या दिवशी कोणीतरी म्हणायला पाहिजे होतं. सुनेनं पंगतीत असं बोलू नये म्हणून गप्प राहिले. आता घरात कोणी नाही, प्रवीण तांदळाची गाडी घेऊन रायपूरला गेलाय, आणि मला तुमच्याशी भांडायचं आहे.

शेजारची तुळसाबाई मला हळूच म्हणाली, "सासऱ्यासाठी कोणी इतकं रडते का वो? बाप मेल्यावानी रडून राहिली." माझा बाप मोहाडीला आहे, चांगला आहे बिचारा, पण आमचं बोलणं म्हणजे जेवली का, बरी आहेस का, ठेव फोन. माझं खरं बोलणं या घरात आल्यावर सुरू झालं, आणि तेही तुमच्याशी.

लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाई, माझ्या सासूबाई, जाऊन थोडेच दिवस झाले होते आणि तुमचा लेक अर्धा महिना गाडीवर. घरात तुम्ही आणि मी. सासऱ्यासमोर बसायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, असं आईनं बजावून पाठवलं होतं. मी पदर सावरत चहा ठेवायचे आणि चुलीकडे पळायचे. एके सकाळी तुम्ही नळाचे व्हॉल्व्ह फिरवायची ती लांब लोखंडी चावी माझ्यापुढे धरलीत. म्हणालात, "कॉम्प्युटर शिकली हायस नं? मंग हेबी शीक. घरात बसून माणसाले जंग चढते." तुमच्या नोकरीचे ते शेवटचे महिने होते. मी तुमच्या मागून टाकीपासून बाजारचौकापर्यंत चालले आणि लोक दारात येऊन बघत होते, नळवाल्याची सून व्हॉल्व्ह फिरवून राहिली म्हणून. मला लाज वाटली नाही. उलट त्या दिवशी मला या गावात पाय ठेवायला जागा मिळाली.

आणि तो तुमचा आवाज. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी उभं राहून "पाणी सुटलं हो" म्हणून असा हेल काढायचात की तलावाच्या पाळीवरचे बगळे उडायचे. पाणी येणार नसलं तर त्याहून मोठ्यानं सांगत फिरायचात, कोणी बाई रिकामी गुंडी घेऊन नळाशी ताटकळायला नको म्हणून. ग्रामपंचायतीनं एकदा भोंगा आणला होता. तो लगेच बिघडला आणि पुन्हा कधी दुरुस्त झाला नाही. त्यात तुमचा हात होता असा मला अजून संशय आहे.

नोकरी सुटली तशी तुमची पंचाईत झाली. घरभर येरझारा. मग बसस्टँडवरचा सोडावाटरवाला दुकान मोडून मुलाकडे चालला, तर त्याच्याकडून गॅसची टाकी आणि जुन्या तोट्या उचलून आणल्यात, "पडून राहतीन बिचाऱ्या" म्हणून. करायचं काय ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं. मी मोबाइलवर पाहून बरणीत आल्याचं विरजण लावलं. आलं, साखर, पाणी, रोज थोडं थोडं घालत राहायचं, काही दिवसांत ते आपोआप फसफसायला लागतं. पहिली बरणी फुटली. दुसरी इतकी आंबली की तुळसाबाईनं तांब्याची भांडी घासायला नेली. तिसरीची चव घेऊन तुम्ही डोळे मिटलेत आणि मोठ्ठा ढेकर दिलात. मग दुधाचे स्टीलचे कॅन आले, बर्फाच्या पेटीतून वेटोळे घालून नळी आली, आणि पुढच्या खोलीच्या भिंतीवर तुम्ही चार तोट्या ओळीत बसवल्यात. आलं, जांभूळ, मोहफूल, आणि चौथीत आपल्या मनाला येईल ते, असं आपलं थंड पेयाचं दुकान सुरू झालं.

मोहफुलावरून जी बोंब झाली ती आठवते का? नळवाल्यानं घरात मोहाची सुरू केली, सुनेनं तोटीच लावली, असं गावभर झालं. संध्याकाळी नको ती गिऱ्हाइकं यायला लागली. शेवटी ठाण्यातला एक शिपाई आला. दोन गिलास प्याला, बराच वेळ बसून राहिला आणि पडलेल्या तोंडानं म्हणाला, "मामाजी, चढत त काहीच नाही." तुम्ही म्हणालात, "साहेब, रोज या. पोट साफ राहीन." तो खरंच रोज यायला लागला.

पाटीची कल्पना माझी. तोटीवर खडूनं लिहायचं, हात ओला लागला की पुसायचं, याचा मला वीट आला होता. घरातला जुना टीव्ही भिंतीवर टांगला आणि त्याच्यामागे तळहाताएवढा कॉम्प्युटर लावला. त्याला पेटी नव्हती म्हणून साबणाच्या डबीत बसवला, तेव्हापासून तुमच्या तोंडी त्याचं नाव डबीच. मोडक्या वजनकाट्यांचे सेन्सर काढून कॅनखाली बसवले. कॅन हलका होईल तसा पडद्यावर काढलेला गिलास खाली खाली उतरायचा. तुम्ही मी पाहत नाही असं बघून कॅन किंचित उचलायचात आणि पडद्याकडे बघायचात, गिलास रिकामा होतो का. मी पाहत होते बरं का. उंदरानं वायर खाल्ली, लाइट गेली की डबी सगळं विसरून जायची, मग तुम्ही प्रवीणच्या गाडीची जुनी बॅटरी आणून तिला जोडलीत. डबी मी घडवली, पण ती जगली तुमच्यामुळे.

पण पडद्यावर लिहायचं काय, यावरून आपलं जे जुंपलं. मी लिहिलं होतं, 'आलं. एकदम कडक.' तुम्हाला ते चालेना. आयुष्यभर ग्रामपंचायतीच्या सूचना चिकटवलेला माणूस. "पाटी म्हणजे पाटी असते, बाई. तिथं हसीमजाक नाही चालत." आणि पाठीमागे हात बांधून मजकूर सांगितलात. 'सर्व नागरिकांस कळविण्यात येते की, तोटी क्रमांक दोनमधील जांभूळ संपत आले असून इच्छुकांनी त्वरित लाभ घ्यावा. आज्ञेवरून.'

मी म्हटलं, "मामाजी, आज्ञा कोणाची?"

"कोणाचीबी राहो. ते नाही लिहिलं त लोकायले खरं नाही वाटत."

हसून हसून माझं पोट दुखलं, पण लिहिलं. आणि काय, लोक पाटी वाचायलाच यायला लागले. कॉलेजची पोरं फोटो काढून न्यायची. तुम्ही वर मान करून माझ्याकडे असं बघायचात की जीव नकोसा व्हायचा. तरीही कोणी आलं आणि वर बघायला लागलं की तुम्ही आतून चारही नावं तोंडानं सांगायचातच. मी म्हणायचे, लिहिलंय ना तिथं. तुमचं एकच, "लिहिलं म्हणजे सांगितलं थोडीच होते?"

मग थंडीत तुमचा आवाज बसला. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, कोणी सांगितलं म्हणून मिरी आणि मध झालं. होळी आली तरी बसलेलाच. नागपूरला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आधी तुम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि मग सांगितलं. गळ्याचा कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. आता काढलं तर पुष्कळ जगाल. बोलता येणार नाही, गळ्याला भोक राहील. तुम्ही एकच प्रश्न विचारलात, "फुसफुस बी नाही?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. परत येताना तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. भंडारा मागे पडलं तेव्हा म्हणालात, "मुक्यानं जगून काय करू, बाई?"

मी म्हटलं, दाखवते.

तो आठवडा मी डबीसमोरून उठले नाही. गिऱ्हाईक जे जे विचारतं ते सगळं तिच्यात घातलं. आज काय आहे, गोड का आंबट, किती उरलं, लहान मुलाला चालेल का, सुटे द्या, उधार बंद. तुमच्या हाताशी बटणं लावली, दाबलं की उत्तर पडद्यावर. आणि तुम्हाला म्हटलं, येत्या बाजारी दिवसभर तोंड उघडायचं नाही, कसं चालतं ते बघा, संध्याकाळी ऑपरेशनचं ठरवू. तुम्ही शब्दाचे पक्के. हो म्हणालात.

लग्नसराईचा बाजार होता, ऊन मी म्हणत होतं. तुम्ही तोट्यांशेजारी बसलात, बटणं दाबत, गिलास भरत. लोक येत होते, वर बघत होते, बोट दाखवत होते, पीत होते, जात होते. यादोरावभाऊ आले, तुमचे नळयोजनेच्या खड्ड्यांपासूनचे दोस्त. पाटी वाचून हसले, दोन बोटं दाखवली, एक गिलास स्वतः प्याले, एक नातवाला पाजला आणि बैलबाजाराकडे पळाले. दुपार टळायच्या आत चारही कॅन रिकामे. कुठं अडलं नाही, कुठं चुकलं नाही. माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

संध्याकाळी तुम्ही गिलास विसळत होतात. मी म्हटलं, "पाहिलंत मामाजी? एक शब्द लागला नाही."

तुम्ही हातातला गिलास पालथा घातलात. "यादोराव बी नाही बोलला, का बा तू काहून गप हायस."

"अहो, गर्दी किती होती."

"तुही डबी लय हुशार हाय, बाई. माह्याबिगर चालते दुकान." त्या घोगऱ्या आवाजात राग नव्हता. "तुले दाखवाचं होतं, मले पाहाचं होतं. दोघायचंबी झालं."

दुसऱ्या सकाळी तुम्ही प्रवीणला फोनवर सांगून टाकलंत, ऑपरेशन करायचं नाही.

इथंच मला तुमच्याशी भांडायचं आहे, मामाजी, आणि आता तुम्ही मधेच तोडू शकत नाही. बाजाराच्या दिवशी, चाळिशीच्या वरच्या उन्हात, तहानलेला माणूस थांबून विचारतो का, की बाबा तू गप्प का? तुम्ही स्वतः कधी विचारलं असतं? मी ती पाटी तुम्हाला जगता येईल हे दाखवायला केली, आणि तुम्ही तिच्यावरून काढलंत की तुमची गरज नाही. डबीचं काही चुकलं नाही. माझंही चुकलं असं मी म्हणणार नाही. चुकलात तुम्ही. प्रवीण घरी येऊन रडला, ओरडला, पायावर डोकं ठेवलं. तुम्ही म्हणत राहिलात, "मले बोलता बोलता जाऊ दे." मी तर तुमच्याशी बोलणंच सोडलं. ताट पुढे ठेवायचे आणि निघून जायचे. तुम्ही मात्र भिंतीशी बोलावं तसे माझ्या पाठीशी बोलत राहिलात, आणि शेवटी मलाच हसू आलं.

तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आता सांगते. दुकानाला तुमचा आवाज लागत नव्हता, खरं आहे. मला तुम्ही लागत होतात. आवाज गेला असता तर मी दोघांचं बोलले असते, मला ते जमतं, तुम्हाला माहीत आहे. मुके मामाजी मला चालले असते. पुढच्या खोलीत बसलेले, नको तिथं बोट दाखवणारे, चहा थंड झाला म्हणून तोंड वाकडं करणारे. पण सून सासऱ्याला असं सांगत नाही. बापालाही सांगत नाही. मी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का, हे मला आता कोण सांगणार?

तो उन्हाळा आणि पावसाळा मात्र तुम्ही मला दिलात. उरला होता तेवढा आवाज घरात सांडलात. सकाळी विरजणात आलं किसून घालताना सुरू व्हायचात. गावात पहिला पाइप आला तेव्हा कोणाच्या अंगणातून न्यायचा यावरून कशी मारामारी झाली. आत्याबाई तुमची चावी कशी तांदळाच्या कोठीत लपवून ठेवायच्या, जेवल्याशिवाय बाहेर पडू नये म्हणून. ज्या सासूला मी पाहिलं नाही तिची रागवायची पद्धतसुद्धा मला तुमच्यामुळे माहीत झाली. आवाज घोगऱ्याचा बारीक झाला, मग कुकरची शिटी जाऊन नुसती वाफ यावी तसा. मी कान तुमच्या तोंडाशी नेऊन ऐकायचे. या सगळ्याबद्दल तुमचे उपकार मानायला हवेत, आणि मानते. तरी याच्या बदल्यात तुम्ही हवे होतात हेही म्हणते.

धान कापणीला आलं तेव्हा ती वाफही गेली. आता तुम्ही दुकानात बसणार नाही असं मला वाटलं होतं. तुम्ही सकाळी अंघोळ करून, शर्ट घालून, येऊन बसलात. आणि मग लोक यायला लागले. यादोरावभाऊ दुपारभर शेजारी बसायचे, आपल्या धानाचं, बैलाच्या खुराचं, लेकाच्या आळसाचं सांगायचे, तुम्ही मान हलवायचात. तुळसाबाई सुनेची गाऱ्हाणी घेऊन तुमच्याकडेच यायची. म्हणे, "मामाजीले सांगितलं त कुठं जाते?" तो शिपाई यायचा. शाळेतली मुलं यायची. कितीतरी जण मला बाजूला घेऊन विचारायचे, मामाजी काहून बोलून नाही राहिले, दवाखान्यात नेलं का? पडदा मी बंदच ठेवला होता, लावा असं कोणी म्हटलं नाही. तुम्ही खांदे हलवत बिनआवाजाचं हसायचात. आणि मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही एकेका माणसाकडे असं बघायचात की जणू तो तुमच्यासाठी आला आहे हे पुन्हा पुन्हा तपासून घेत होतात.

एका दुपारी यादोरावभाऊ उठून गेले. तुम्ही टेबलावर टिचकी मारून मला बोलावलंत. गळ्यावरून आडवं बोट फिरवलंत आणि भुवया वर केल्यात.

मला कळलं होतं, तरी विचारलं, "ऑपरेशन?"

तुम्ही हो म्हणून मान हलवलीत. लाजल्यासारखे हसलात. पोरानं खूप दिवसांनी शाळेत जातो म्हणावं तसे.

मी फोन घेऊन मागच्या बाडीत गेले. डॉक्टर म्हणाले, ताई, ती वेळ उन्हाळ्यातच होती. आता पसरलं आहे. त्रास कमी होईल एवढंच बघू. मी शेवग्याच्या झाडाशी उभी राहिले. वळून पाहिलं तर तुम्ही मागच्या दारात येऊन थांबला होतात, चौकटीला हात लावून.

मी तोंड धुतलं, आत आले आणि म्हटलं, "हो म्हणाले मामाजी. कापणी आटोपली की घेऊन या म्हणाले."

त्याच संध्याकाळी तुम्ही माळ्यावरची पिशवी काढायला लावलीत. दोन लुंग्या ठेवल्यात, इस्त्रीचा शर्ट ठेवलात, पाणी प्यायचा पेला ठेवलात. दाढीचं सामान ठेवताना जुनं पातं काढून दाखवलंत, म्हणून मी दुकानातून नवीन आणून दिलं. मग रोज सकाळी खिडकीतून शेताकडे हात करून विचारायचात, किती राहिलं? मी म्हणायचे, थोडंच. यादोरावभाऊंचं धान घरात येऊन पडलं होतं. मी त्यांना हात जोडले, अजून उभं आहे म्हणा. ते तुमच्यासमोर बसून तसंच म्हणाले आणि घरी जाताना माझ्याकडे न बघता गेले.

तारीख नव्हती, मामाजी. प्रवीणला अजून सांगितलं नाही, तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मुक्यानं जगायला तयार झाला होतात, आणि मी तुम्हाला पिशवी भरू दिली.